अंशस्वामित्वाचे घर : इंग्लंडमधील एका गृहयोजनेचे स्वरूप व नवव्यावसायिक दांपत्याचा हिशेब

'शेअर्ड ओनरशिप' हा शब्दप्रयोग मराठी वाचकाच्या कानी पडताच त्याच्या मनात प्रथम जे चित्र उभे राहते ते सामाईक मालमत्तेचे. भावाभावांतील अविभक्त वाडा, सातबाऱ्यावर चार नावे असलेले शेत, अथवा पतिपत्नींच्या जोडनावाने घेतलेली सदनिका, ही आपल्याकडील सामाईक स्वामित्वाची परिचित रूपे होत. इंग्लंडमध्ये ज्या गृहयोजनेस हे नाव आहे तिचे स्वरूप या तिहींहून सर्वस्वी निराळे आहे. तेथे घराची 'वाटणी' होते ती राहणारा आणि एक गृहनिर्माण संस्था यांच्यामध्ये. राहणारा घराच्या किमतीचा काही अंश भरतो, उरलेल्या अंशाबद्दल संस्थेस दरमहा भाडे देतो, आणि पुढे ऐपत वाढेल तसतसा अधिक अंश विकत घेण्याचा हक्क स्वतःकडे राखतो. म्हणून प्रस्तुत लेखात या पद्धतीस 'सामाईक स्वामित्व' असे न म्हणता 'अंशस्वामित्व' ही संज्ञा योजिली आहे. हीदेखील कायद्याच्या दृष्टीने पूर्णतः निर्दोष नाही. ती का नाही, याचा उलगडा पुढे होईल.

या योजनेचा विचार येथे एका विशिष्ट वर्गाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. नुकतेच व्यवसायात पदार्पण केलेले, दोघेही मिळवते असलेले, परंतु वडिलोपार्जित द्रव्याचा आधार नसलेले तरुण दांपत्य हा तो वर्ग होय. योजनेची सारी रचना जणू याच वर्गाला डोळ्यांपुढे ठेवून झालेली दिसते. आज थोडे भरा, उद्या पगार वाढेल तेव्हा अधिक घ्या, हे तिचे मूलसूत्र आहे. हे सूत्र कितपत खरे ठरते, हाच मुख्य प्रश्न.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. १९७० च्या दशकाच्या मध्यास बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने 'अर्धे-अर्धे' या नावाने ओळखली जाणारी एक योजना राबविली. तीत निम्मे घर विकत व निम्मे भाड्याने अशी तजवीज होती. पुढे १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने या पद्धतीस देशव्यापी वैधानिक आधार लाभला. याच कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना आपली घरे सवलतीच्या दराने विकत घेण्याचा हक्क दिला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन्ही तरतुदींमागील प्रेरणा एकच होती. भाडेकरूंचा समाज पालटून घरमालकांचा समाज निर्माण करावा, हे तत्कालीन शासनाचे धोरण होते. अंशस्वामित्वाची घरे बांधणाऱ्या संस्था मात्र बहुतांशी नफा न करणाऱ्या गृहनिर्माण संस्था होत. त्यांना तिकडे 'हाउसिंग असोसिएशन' म्हणतात. त्यांच्या बांधकामास सरकारी अनुदान मिळते, आणि त्या बदल्यात ग्राहकाच्या पात्रतेच्या अटी सरकार ठरविते. २०१६ सालापासून कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची कमाल मर्यादा लंडनमध्ये ९०,००० पौंड व इतरत्र ८०,००० पौंड अशी आहे. तीवरून ही योजना दरिद्री वर्गासाठी नसून मध्यमवर्गाच्या खालच्या व मधल्या थरांसाठी आहे, हे उघड होते.

हिशेब

अमूर्त चर्चेपेक्षा एक उदाहरण घेणे बरे. खालील दांपत्य व आकडे कल्पित आहेत. परंतु योजनेचे दर व अटी प्रत्यक्षातील आहेत.

पती एका रुग्णालयात कनिष्ठ तंत्रज्ञ आणि पत्नी शाळेत शिक्षिका, दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न ५८,००० पौंड, असे समजू. त्यांना हवी असलेली दोन शयनगृहांची नवी सदनिका ३,२०,००० पौंडांस आहे. ती पूर्णपणे विकत घ्यावयाची तर दहा टक्के, म्हणजे ३२,००० पौंड, पदरचे हवेत आणि २,८८,००० पौंड कर्जाऊ हवेत. इंग्लंडमधील पतसंस्था व बँका सर्वसाधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे साडेचारपट कर्ज देतात. म्हणजे या दांपत्यास २,६१,००० पौंडांपर्यंत कर्ज मिळू शकेल. अर्थात पूर्ण खरेदीचा मार्ग दुहेरी बंद आहे. बचत पुरी पडत नाही, आणि ती कशीबशी जमविली तरी कर्ज अपुरे पडते.

आता ते ४० टक्के अंश घेतात असे धरू. या अंशाची किंमत १,२८,००० पौंड. पदरचे दहा टक्के म्हणजे १२,८०० पौंड आणि कर्ज १,१५,२०० पौंड. ५ टक्के व्याजाने ३० वर्षांत फेडावयाच्या या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ६१८ पौंड होतो. उरलेल्या ६० टक्के अंशाचे मूल्य १,९२,००० पौंड. त्यावर प्रथम वर्षी भाडे अधिकात अधिक ३ टक्के आकारता येते, पण प्रचलित दर २·७५ टक्के आहे. त्या दराने मासिक भाडे ४४० पौंड. इमारतीच्या देखभालीचा आकार दरमहा १५० पौंड धरला तर एकूण मासिक भार १,२०८ पौंडांचा होतो. पूर्ण खरेदीत हाच भार, कर्ज मिळाले असते तर, सुमारे १,६९६ पौंड झाला असता.

येथवर योजना निःसंशय लाभदायक दिसते, आणि तशी ती आहेही. न घेतलेल्या अंशावर द्यावे लागणारे पावणेतीन टक्के भाडे हे कर्जाच्या पाच टक्के व्याजाहून बरेच कमी आहे. दोहोंतील अंतर म्हणजे सरकारी अनुदानाचाच एक भाग ग्राहकाच्या पदरी पडणे होय. शिवाय घरांच्या किमती उतरल्या तर साठ टक्के अंशावरील तोटा संस्थेच्या माथी जातो, दांपत्याच्या नव्हे. योजनेवर टीका करणारे हे दुसरे अंग पुष्कळदा विसरतात.

परंतु हप्ता आणि भाडे या दोन रकमांचे स्वभाव भिन्न आहेत. व्याजाचा दर स्थिर राहिला तर हप्ता तीस वर्षे तितकाच राहतो आणि अखेरीस संपतो. भाडे मात्र दरवर्षी वाढते आणि आपण होऊन कधीच संपत नाही. २०२३ पूर्वीच्या करारांत ही वाढ किरकोळ किंमत निर्देशांक अधिक अर्धा टक्का अशी असे. २०२२ साली इंग्लंडात महागाई भडकली आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये या निर्देशांकाची वार्षिक वाढ १४·२ टक्क्यांवर पोहोचली. करारातील सूत्र अक्षरशः लावले असते तर हजारो कुटुंबांचे भाडे एका वर्षात सातव्या हिश्शाने वाढले असते. अनेक संस्थांनी आपण होऊन ती वाढ ७ टक्क्यांवर रोखली, हे त्यांच्या सुज्ञपणाचे लक्षण म्हणावे लागेल. परंतु कराराने त्यांच्यावर तसे बंधन नव्हते, हेही विसरता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या करारांसाठी सूत्र बदलून ग्राहक किंमत निर्देशांक अधिक १ टक्का असे करण्यात आले. जुन्या करारांना जुनेच सूत्र लागू राहिले. महागाई २ टक्के इतकी सौम्य धरली तरी नव्या सूत्राने उपरोक्त ४४० पौंडांचे भाडे पाच वर्षांनी ५१० व दहा वर्षांनी ५९१ पौंड होते.

सोपान व त्याच्या पायऱ्या

या वाढत्या भाड्यावर योजनेने सुचविलेला उपाय म्हणजे अधिक अंश घेणे. इंग्रजीत यास 'स्टेअरकेसिंग' असे चित्रमय नाव आहे. मराठीत 'सोपानक्रय' म्हणता येईल. प्रत्येक पायरीसरशी स्वतःचा अंश वाढतो आणि भाडे त्या प्रमाणात घटते. शंभराव्या टक्क्यावर भाडे संपुष्टात येते. काही ग्रामीण क्षेत्रांत मात्र गावातील घरे बाहेरच्या धनिकांच्या हाती जाऊ नयेत म्हणून हा सोपान ८० टक्क्यांवर थांबविण्याची अट घालता येते.

येथे एक गोष्ट नवख्या दांपत्याच्या ध्यानी सहसा येत नाही. प्रत्येक नव्या अंशाची किंमत ही मूळ किमतीवरून नव्हे, तर त्या दिवसाच्या बाजारभावावरून ठरते. त्यासाठी अधिकृत मूल्यमापकाकडून घराचे मूल्य करवून घ्यावे लागते. त्याचे शुल्क ग्राहकाने भरावयाचे असते, आणि ते मूल्यांकन साधारणतः तीन महिनेच ग्राह्य असते. त्या अवधीत कर्जाची जुळवाजुळव झाली नाही तर पुनश्च हरि ओम्.

आपल्या उदाहरणातील घराची किंमत दरसाल ४ टक्क्यांनी वाढत गेली असे समजू. पाच वर्षांनी ती सुमारे ३,८९,३०० पौंड होईल. आरंभी २० टक्के अंशास ६४,००० पौंड पडले असते. आता त्यालाच सुमारे ७७,९०० पौंड लागतील. दांपत्याच्या स्वतःच्या ४० टक्क्यांचे मूल्यही वाढलेले असल्याने त्या तारणावर बँक कर्ज वाढवून देईल, हे खरे. पण जुने उरलेले १,०५,८०० व नवे ७७,९०० मिळून १,८३,७०० पौंडांचे कर्ज पुन्हा तीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता ९८६ पौंड होतो आणि भाडे ५१० वरून ३४० वर येते. म्हणजे हप्ता व भाडे मिळून ओझे १,१२८ वरून १,३२६ पौंडांवर जाते. पायरी चढल्याने मासिक खर्च जवळजवळ दोनशे पौंडांनी वाढतो. स्वामित्व वाढते यात शंका नाही. परंतु ज्याला खर्च कमी व्हावा म्हणून पायरी चढावयाची आहे त्याच्या पदरी लगेच काही पडत नाही.

दहा वर्षांनंतरचे चित्र याहून बोलके आहे. त्या वेळी घराची किंमत सुमारे ४,७३,७०० पौंड झालेली असेल आणि उरलेल्या ६० टक्क्यांस २,८४,२०० पौंड मोजावे लागतील. दहा वर्षांपूर्वी जे २,८८,००० पौंडांचे कर्ज मिळत नव्हते म्हणून अंशस्वामित्वाचा मार्ग धरला, जवळजवळ तेवढीच रक्कम आता उरलेल्या भागासाठी लागते, आणि जुन्या कर्जाचे सुमारे ९३,७०० पौंड फेडावयाचे असतातच. दोन्ही मिळून ३,७७,९०० पौंड. या काळात दांपत्याचे उत्पन्न दरसाल ३ टक्क्यांनी वाढले तर ते ७७,९०० पौंडांवर पोहोचेल आणि त्याची साडेचारपट सुमारे ३,५०,८०० होईल. म्हणजे अजूनही अपुरी. तेच उत्पन्न ४ टक्क्यांनी वाढले तर साडेचारपट ३,८६,३०० होते व सोपानाची शेवटची पायरी कशीबशी गाठता येते. सारांश, सारा डाव उत्पन्नाची वाढ व घरांच्या किमतींची वाढ या दोन दरांतील एखाद्या टक्क्याच्या फरकावर अवलंबून आहे. किमती स्थिरावल्या तर योजना उत्तम चालते. किमती भरभर चढत असतील, म्हणजे जेव्हा तिची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच, ती अडखळते.

व्यवसायाच्या आरंभकाळी उत्पन्न सामान्य वेतनवाढीहून वेगाने वाढते, असे योजनेच्या बाजूने म्हणता येईल. शिक्षिकेची वेतनश्रेणी वा वैद्यकाची बढती ही त्याची उदाहरणे. हे म्हणणे यथार्थ आहे. परंतु वयाची हीच वर्षे पहिल्या अपत्याची असतात. इंग्लंडात शिशुसंगोपनाचा खर्च मोठा आहे. तो टाळण्यासाठी मातापित्यांपैकी एकाने अर्धवेळ काम पत्करले तर उत्पन्नाची रेषा नेमकी त्या पाच-सात वर्षांत खाली येते. दोन पगारांवर रचलेला सोपान एका पगारावर चढता येत नाही. कागदावरील आलेखात ही वर्षे दिसत नाहीत.

२०२१ साली जाहीर झालेल्या नव्या नमुना-करारात या अडचणींची काही दखल घेतलेली आढळते. प्रथम घ्यावयाचा किमान अंश २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला गेला. पायरीची किमान उंची १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. याशिवाय पहिली पंधरा वर्षे दरसाल १ टक्का अंश, स्वतंत्र मूल्यांकनाविना, घरकिमतींच्या निर्देशांकावरून ठरणाऱ्या दराने घेण्याची मुभा मिळाली. उदाहरणातील दांपत्यास ही एक टक्क्याची पायरी आरंभी ३,२०० पौंडांना पडेल. काटकसरीने राहणाऱ्या दोघांच्या आटोक्यातील ही रक्कम आहे. मात्र पंधरा वर्षे एकही न चुकता अशी पायरी चढले तरी अंश ४० वरून ५५ टक्क्यांवर जातो, एवढाच त्याचा पल्ला. दहा टक्क्यांच्या किमान अंशाबद्दल तर असे म्हणावेसे वाटते की, ज्याचे नव्वद टक्के घर भाड्याचे त्यास स्वामी म्हणणे हा भाषेवरील अत्याचार होय.

कायद्याच्या दृष्टीतून

आरंभी सूचित केलेला मुद्दा आता पाहता येईल. विकत घेतलेला ४० टक्के अंश म्हणजे कायद्याने नक्की काय? घराच्या मालकी हक्काचा चाळीस शतांश भाग, असे उत्तर कोणीही देईल. परंतु ते बरोबर नाही. अंशधारकास मिळतो तो संपूर्ण घराचा एक दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. ही मुदत पूर्वी बहुधा ९९ वा १२५ वर्षांची असे, नव्या नमुन्यात ती किमान ९९० वर्षांची आहे. १,२८,००० पौंड हे या पट्ट्याचे अधिमूल्य आणि मासिक ४४० पौंड हे त्याचे भाडे. पट्ट्यातच पुढील अंश घेण्याचा विकल्प लिहिलेला असतो. शंभर टक्के होईपर्यंत घराची मूळ मालकी संस्थेकडेच राहते आणि 'अंशधारक' हा कायद्याच्या भाषेत भाडेकरू असतो.

मुंबईच्या वाचकास या रचनेत ओळखीची खूण पटावी. आरंभी मोठी रक्कम मोजावयाची, त्यानंतर भाडेही द्यावयाचे, आणि जागा दुसऱ्यास देताना घरमालकाची संमती व त्याचा वाटा हे दोन्ही आलेच, ही पागडीची पद्धत होय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने अशा अधिमूल्याच्या देवघेवीस मान्यताही दिली आहे. 'ओनरशिप'च्या सदनिकेपेक्षा पागडीच्या खोलीशीच इंग्रजी अंशस्वामित्वाचे नाते अधिक जवळचे आहे. भेद आहे तो भाड्याच्या गतीचा. पागडीचे भाडे दशकानुदशके गोठलेले आणि घरमालक त्यामुळे त्रस्त, तर तिकडे भाडे दरसाल चढते आणि त्रस्त होतो तो भाडेकरू. शिवाय पागडीत मालकीकडे नेणारा सोपान नसतो, हा इंग्रजी योजनेचा निश्चित गुण मानला पाहिजे.

'भाडेकरू' या संज्ञेचा परिणाम किती कठोर होऊ शकतो, हे बर्मिंगहॅमच्या एका दाव्यात दिसून आले. त्यातील स्त्रीने १९९५ साली २९,५०० पौंड भरून घराचा पन्नास टक्के अंश घेतला होता. पुढे तिच्यावर संकट ओढवून तिला घर सोडावे लागले आणि भाडे थकले. १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार अशा भाडेकरूचे दोन महिन्यांचे भाडे थकले की ताब्याचा हुकूम देणे न्यायालयास बंधनकारक होते. भाडेकरूच्या अडचणींचा विचार करण्यास त्यात वावच नव्हता. २००८ साली वृत्तांतांत प्रसिद्ध झालेल्या निर्णयात न्यायालयाने ठरविले की, अंशस्वामित्वाचा पट्टा हाही या कायद्याखालील भाडेकरारच होय. ताब्याबरोबर पट्टा संपला, आणि पट्टा संपल्यावर पन्नास टक्क्यांवर हक्क सांगण्यास कायद्याने काहीच उरले नाही. काही हजारांच्या थकबाकीपोटी निम्म्या घराचे मूल्य गमावण्याची शक्यता या निर्णयाने उघड केली.

प्रत्यक्षात असे प्रसंग विरळा येतात आणि त्याचे कारण मनोरंजक आहे. कर्ज देणाऱ्या बँकेचे तारण म्हणजे हा पट्टाच असल्यामुळे, तो बुडू नये म्हणून बँक थकलेले भाडे स्वतः भरून ती रक्कम कर्जात मिळविते. म्हणजे ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला एक कवच लाभते, आणि ज्याने कष्टाने कर्ज फेडून टाकले तो अधिक उघडा पडतो. २०२५ च्या भाडेकरू-हक्क कायद्याने एकवीस वर्षांहून अधिक मुदतीचे पट्टे या वर्गातून वगळण्याची तरतूद केली. मूळ निर्णयानंतर यास सुमारे सतरा वर्षे लागली, ही गोष्ट इंग्रजी विधिमंडळास भूषणावह खासच नाही.

दुसरा मुद्दा भार व लाभ यांच्या प्रमाणाचा. घराची किंमत वाढली तर अंशधारकास त्याच्या अंशाइतकाच लाभ. पण देखभालीचा आकार मात्र त्याने शंभर टक्के भरावयाचा. जुन्या करारांत दुरुस्तीही सर्वस्वी त्याचीच. ही विषमता १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर ठळकपणे पुढे आली. इमारतींच्या बाह्य आवरणांची तपासणी होऊन ज्वालाग्राही आवरणे बदलण्याचे खर्च जेव्हा रहिवाशांवर पडू लागले, तेव्हा पाव अंश असलेल्या कुटुंबाकडेही सदनिकेच्या वाट्याचे पूर्ण देयक आले. २०२२ च्या इमारत-सुरक्षा कायद्याने पात्र पट्टेदारांच्या अशा वर्गणीस कमाल मर्यादा घातल्या. त्या सर्वसाधारणतः लंडनमध्ये १५,००० व इतरत्र १०,००० पौंड असून, अंशधारकास त्या त्याच्या अंशाच्या प्रमाणात कमी केल्या आहेत. अंश तेवढाच भार, हे तत्त्व या तरतुदीत तरी मान्य झाले. २०२१ च्या नमुन्यातही पहिली दहा वर्षे बाह्य व रचनात्मक दुरुस्ती संस्थेकडे देऊन, घरातील आवश्यक दुरुस्तीसाठी वार्षिक ५०० पौंडांपर्यंत साहाय्याची सोय आहे. देखभालीच्या आकाराचे तत्त्व मात्र बदललेले नाही. मार्च २०२४ मध्ये कॉमन्स सभागृहाच्या गृहनिर्माणविषयक समितीने या योजनेवर अहवाल सादर केला. वाढते भाडे, अमर्याद देखभाल-आकार व दुर्बोध पट्टे यांवर तिचा रोख होता, तो या दृष्टीने समजण्यासारखा आहे.

सामूहिक स्वामित्वाची एक निराळी कल्पना याच देशात, या योजनेच्या पाऊणशे वर्षे आधी, जन्मास आली होती. १९०१ साली लंडनच्या ईलिंग भागात 'ईलिंग टेनंट्स' ही संस्था स्थापन झाली. तिचे सदस्य संस्थेचे भागधारकही होते आणि तिचे भाडेकरूही. 'टेनंट को-पार्टनरशिप' हे त्या चळवळीचे नाव. मुंबईत श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, आणि सहभागी भाडेकरूंच्या संस्थांचा हा वर्ग महाराष्ट्राच्या सहकारी नियमांत अद्यापि त्याच नावाने नांदतो आहे. ईलिंगच्या कल्पनेत घरमालक म्हणजे सर्व भाडेकरूंचा समुच्चय. अंशस्वामित्वात घरमालक ही निराळी संस्था, आणि तिच्या निर्णयांत अंशधारकास मत नाही. मुंबईच्या सोसायटीतील सभासद देखभालीचा आकार वार्षिक सभेत उठून विचारू शकतो. चाळीस टक्के अंश असलेल्या इंग्रजी दांपत्यास, सभासदत्वाच्या नात्याने, तसे स्थान नाही.

दोघांतील दोघे

अखेरीस दांपत्य म्हणून उद्भवणारे काही प्रश्न. संस्थेच्या दृष्टीने दोघे मिळून एकच पट्टेदार असतात व संपूर्ण भाड्यास प्रत्येक जण पूर्णपणे जबाबदार असतो. परंतु आपापसांत त्यांचे नाते दोन प्रकारचे असू शकते. एका प्रकारात वाटे ठरलेले नसून एकाच्या मृत्यूनंतर सर्व हक्क दुसऱ्याकडे जातो. दुसऱ्यात प्रत्येकाचा वाटा निश्चित असतो आणि तो मृत्युपत्राने कोणासही देता येतो. प्रारंभिक १२,८०० पौंडांपैकी दहा हजार एकीच्या बचतीतून आले असतील, तर दुसरा प्रकार स्वीकारून त्याचे न्यासपत्र करणे इष्ट. विशेषतः विवाह न करता एकत्र राहणाऱ्यांस याची गरज अधिक आहे. कारण घटस्फोटाच्या वेळी न्यायालयास जे वाटपाचे व्यापक अधिकार असतात ते अविवाहितांच्या बाबतीत नसतात. २००७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने अशा जोडनावाच्या घरात प्रथमदर्शनी वाटे समान गृहीत धरावेत असे ठरविले. त्याविरुद्ध पुरावा देण्याचे ओझे अधिक भरणाऱ्यावर पडते.

बदली वा नव्या नोकरीचा प्रसंग आला तर अडचण आणखी वाढते. अंशस्वामित्वाचे घर सामान्यतः दुसऱ्यास भाड्याने देता येत नाही. विकावयाचे झाल्यास प्रथम संस्थेस कळवावे लागते, आणि ठराविक अवधीपर्यंत ग्राहक शोधण्याचा अग्रहक्क तिचा असतो. जुन्या करारांत हा अवधी आठ आठवड्यांचा होता, नव्या नमुन्यात चार आठवड्यांचा आहे. त्यानंतरच खुल्या बाजारात जाता येते. तेथेही नवा ग्राहक उत्पन्नाच्या त्याच अटीत बसणारा, आणि त्या मोजक्या बँकांपैकी एकीचे कर्ज मिळविणारा असावा लागतो. घर विकण्याचा सर्व खर्च विकणाऱ्याचा, अंश कितीही असो. मँचेस्टरहून ब्रिस्टलला बदली झालेल्या शिक्षिकेपुढे तेव्हा दोन वाटा उरतात. एक तर काही महिने दोन शहरांतील दोन घरांचा खर्च सोसणे, नाही तर संपूर्ण घर एका व्यवहारात विकण्यासाठी, विक्रीच्याच दिवशी उरलेला अंश घेऊन त्याच क्षणी शंभर टक्के घर नव्या ग्राहकास देण्याचा जोडव्यवहार वकिलांकरवी घडवून आणणे. पुष्कळ दांपत्यांच्या बाबतीत सोपानाची शेवटची पायरी चढली जाते ती अशी, घर सोडण्याच्या दिवशी.